गवताआधी पाण्याची वाट

मे महिना सरत आला की माझा फोन सारखा वाजू लागतो. पलीकडे मुंबई-पुण्याहून गावच्या घरी आलेली मंडळी असतात. आंबे उतरवून झालेले, आढी लावून झालेली, आणि अंगणात मात्र करपलेली हिरवळ किंवा नुसती लाल धूळ. "ताई, पाऊस लागायच्या आत आमच्याकडे ते कृत्रिम गवत टाकून द्याल का? दोन दिवसांचंच काम आहे ना?" मी त्यांना गवताबद्दल काही विचारतच नाही. माझा पहिला प्रश्न असतो, "तुमच्या पागोळ्यांचं पाणी कुठं पडतं, आणि तिथून पुढं कुठं जातं?" बहुतेकांना सांगता येत नाही, कारण जुलै महिन्यात ते त्या घरात नसतातच.

मी दापोलीच्या कृषी विद्यापीठात उद्यानविद्या शिकले आणि रत्नागिरी-गुहागर पट्ट्यात घरांच्या बागा करते. जिवंत गवताचं शिक्षण घेतलेल्या बाईनं प्लास्टिकचं गवत का अंथरावं, असं मला माझ्याच वर्गातल्या मैत्रिणी विचारतात. कारण पाणी. इथं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जांभ्याच्या सड्यावरून तो उतरतो आणि खाडीला मिळतो. एप्रिल उजाडला की विहिरींचा तळ दिसू लागतो, काही वाड्यांना टँकर लागतो. हिरवळ मात्र नेमकी त्याच महिन्यांत रोज पाणी मागते. ज्या वाडीत बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघत उभ्या असतात, तिथं शनिवार-रविवारच्या घरासाठी तुषार सिंचन चालू ठेवणं मला पटत नाही. अंगणाचा एखादा कोपरा कृत्रिम गवतानं झाकून ते पाणी वाचत असेल, तर मी ते काम करते आणि मन लावून करते.

या गवताचा जन्म कुठं झाला ते कळलं की त्याच्या खोडी समजतात. अमेरिकेत ह्यूस्टनला १९६५ साली पूर्ण छत असलेलं एक मोठं बेसबॉलचं मैदान उघडलं, त्याचं नाव अॅस्ट्रोडोम. छताला पारदर्शक तावदानं होती, कारण आत खरं गवत लावलं होतं. पण उन्हाच्या तिरिपीत उंच उडालेला चेंडू खेळाडूंना दिसेना, म्हणून तावदानांना रंग फासला आणि आतलं गवत मेलं. मग १९६६ मध्ये तिथं नायलॉनचं गवत अंथरलं आणि त्यावरूनच ‘अॅस्ट्रोटर्फ’ हे नाव पडलं. आपल्याकडे हे नाव पोचलं ते हॉकीमुळं. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि भारत सातव्या क्रमांकावर आला. म्हणजे मूळची ही वस्तू ऊन-पाऊस आत येत नव्हता अशा जागेसाठी नावारूपाला आली, आणि आपण ती कोकणातल्या उघड्या अंगणात टाकतो. तेव्हा इथल्या उन्हाचा आणि पावसाचा विचार आपला आपणच करायला हवा.

आज घरांसाठी मिळणारं गवत बहुतेक पॉलिइथिलिनचं असतं. पाती त्याची, मुळाशी दिसणारे कुरळे तपकिरी धागे बहुधा पॉलिप्रॉपिलिनचे, खाली विणलेलं कापड आणि त्यावर पाती धरून ठेवायला लेटेक्सचा किंवा पॉलियुरेथेनचा थर. या थराला ठरावीक अंतरावर भोकं असतात. दुकानदार त्या भोकांकडे बोट दाखवून सांगतो, "पाण्याची काळजीच नाही, सगळं खाली जातं." तो खोटं बोलत नाही. हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. तासाला शंभर मिलिमीटर म्हणजे समोरचं माणूस दिसू नये असा पाऊस. त्यातसुद्धा एका चौरस मीटरवर मिनिटाला पावणेदोन लिटरपेक्षा कमीच पाणी येतं. भोकं तेवढं सहज सोडतात.

प्रश्न आहे तो भोकातून खाली गेल्यावर पाणी कुठं जातं याचा. वीस बाय पंधरा फुटांचं अंगण धरा. शंभर मिलिमीटर पावसात त्यावर अठ्ठावीसशे लिटर पाणी पडतं, म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या जवळजवळ तीन टाक्या. त्याच अंगणात कौलांची एक उतरण पागोळ्या सोडत असेल तर हा आकडा दुपटीवर जातो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तो दिवस अपवादाचा होता, पण दोन-तीनशे मिलिमीटरचा दिवस कोकणात जवळपास दर पावसाळ्यात येतो. गवताखाली एवढ्या पाण्याला वाट नसेल तर ते तिथंच मुरत, कुजत बसतं. वरून हिरवंगार दिसतं आणि पाय टाकला की पचकन आवाज येतो. चार दिवसांत वास सुटतो, आठवड्याभरात डास.

म्हणून आमच्याकडे गवत अंथरायला अर्धा दिवस आणि त्याच्या खालच्या कामाला तीन-चार दिवस लागतात. माझ्याबरोबर काम करणारे गवंडीमामा मूळचे कुडाळकडचे. गिऱ्हाईक घाई करू लागलं की ते माझ्याकडे वळून म्हणतात, "बाये, आदी पाण्याक वाट दी, मगे गवत घाल." आणि बादलीभर पाणी ओतून ते कुठल्या बाजूला धावतं ते बघत उभे राहतात.

किनाऱ्याला घराखालची जमीन मुख्यतः दोन तऱ्हांची असते, आणि दोन्हीकडे काम उलटं करावं लागतं. सड्यावरच्या घरांना वीतभर मातीखाली जांभा लागतो. जांभा सच्छिद्र खरा, पण त्याच्यावर चिकट लाल मातीचा थर दाबून बसलेला असतो, त्यामुळं पाणी पटकन जिरत नाही. तिथं आम्ही वरची माती तीन-चार इंच काढतो आणि कडेनं जांभ्यातच एक चर खोदतो. जांभा छिन्नीला मऊ असतो, त्यामुळं हे काम अवघड नाही. चर कुंपणाच्या सखल कोपऱ्यातून बाहेर काढायचा, शक्य असेल तर माडांच्या आळ्याकडे किंवा विहिरीजवळच्या शोषखड्ड्याकडे. मग चरात मोठी खडी भरायची.

पुळणीवरची, म्हणजे समुद्राला लागून असलेली घरं वेगळी. तिथं खाली वाळू, पाणी क्षणात जिरतं, आणि लोकांना वाटतं की इथं काही करायलाच नको. पण जुलैत तिथल्या विहिरीत डोकावून बघा, पाणी हाताला लागेल इतकं वर आलेलं असतं. जमीन पाण्यानं भरलेली असताना खड्डा खणून त्यात गवताचा पाया घालणं म्हणजे डबकं तयार करणं. अशा जागी मी खणतच नाही. चिऱ्यांची एक ओळ कडेनं लावून जमीन चार इंच उचलून घेते आणि पाणी निघायला चिऱ्यांमध्ये जागोजाग फटी ठेवते.

पायात काय भरायचं यावर गिऱ्हाइकांशी माझी सर्वात जास्त चर्चा होते. मुरूम स्वस्त आणि जवळ मिळतो, पण पहिल्या दमदार पावसात त्याचा चिखल होतो. समुद्राची वाळू "समोरच तर आहे" म्हणून सुचवली जाते. ती मी कधीच घेत नाही. तिच्यात मीठ असतं, मीठ ओलावा धरून ठेवतं आणि खिळे खातं. शिवाय किनाऱ्याची वाळू उचलून नेणं हे त्या किनाऱ्यावर अन्याय करणं आहे. मी खाली जिओटेक्स्टाइलचं जाड कापड घालते, त्यावर धुतलेली खडी, ती नीट दाबून घेतल्यावर वर बारीक ग्रिटचा इंचभर थर. कापड नसेल तर खालची लाल माती हळूहळू वर चढते आणि चहाच्या गाळणीत गाळ बसावा तशी खडीच्या फटींत जाऊन बसते. मग दोन पावसाळे बरं चाललेलं अंगण तिसऱ्या पावसाळ्यात अचानक तुंबतं आणि लोक गवताला दोष देतात. ढाळ दहा फुटांना सव्वा ते दीड इंच ठेवायचा, आणि तो घराकडून बाहेर. ओट्याच्या दिशेनं ढाळ असलेली अंगणं मी पाहिली आहेत. तिथं आधी ढाळ फिरवला पाहिजे, त्याशिवाय गवताचं नाव काढू नये.

गवत निवडताना लोक हाताला मऊ आणि लांब पात्याचं मागतात. दुकानात चाळीस-पन्नास मिलिमीटरचं गवत फार सुंदर दिसतं. कोकणासाठी मी पंचवीस-तीस मिलिमीटरच्या वर जात नाही. लांब पात्यात आंब्याचा मोहोर, सुरूच्या काड्या, माती अडकते, पावसानं ती बसते आणि तिच्यावर शेवाळ धरतं. प्लास्टिक कुजत नाही हे खरं, पण त्यात साठलेला केरकचरा कुजतोच. आखूड पातं पाऊस उघडल्यावर लवकर सुकतं. मागची बाजू उलटून बघा: चार महिने ओल सोसायची असेल तर पॉलियुरेथेनचा थर लेटेक्सपेक्षा टिकतो. अतिनील किरणांपासून संरक्षण देणारा घटक धाग्यात आहे का आणि त्याची हमी किती वर्षांची, हे बिलावर लिहून घ्या. किनाऱ्यावरचं फेब्रुवारी ते मे महिन्याचं ऊन स्वस्त गवताचा रंग लवकर उडवतं आणि पाती ठिसूळ करतं. मग झाडताना हिरवा भुगा निघू लागतो, आणि तो पुढच्या पावसात थेट समुद्राकडे जातो.

अंथरण्याचं काम ऑक्टोबरनंतर आणि पावसाच्या बरंच आधी संपवावं. गुंडाळी आधी सकाळच्या उन्हात उलगडून ठेवायची म्हणजे घड्या मोडतात. भर दुपारी मात्र मोजमाप करून कापायचं नाही, कारण प्लास्टिक उन्हात वाढतं. दुपारी काटेकोर कापलेला तुकडा संध्याकाळी आक्रसतो आणि जोडात फट पडते. सगळ्या पट्ट्यांची पाती एकाच दिशेला झुकलेली हवीत, नाहीतर दोन पट्ट्यांचे रंग वेगळे दिसतात. कापायचं ते मागून, टाक्यांच्या दोन ओळींच्या मधून. जोडाखाली पट्टी आणि तिच्यावर डिंक. दोन भाग मिसळून होणारा पॉलियुरेथेनचा डिंक ओलाव्यात फेसाळतो आणि धरत नाही, म्हणून जूनच्या पहिल्या सरी चुकवून घाईघाईनं केलेले जोड पुढं उकलतात. मे अखेरच्या फोनना मी नकार देते तो यासाठी. "दिवाळीनंतर करू, तोवर या पावसाळ्यात एकदा येऊन पाणी कसं वाहतं त्याचे फोटो काढून ठेवा," असं सांगते. जे खरंच येऊन फोटो काढतात, त्यांचं काम पुढं सोपं होतं.

कडेला खिळे मारायचे असतील तर स्टेनलेस स्टीलचे. साधे लोखंडी खिळे खाऱ्या हवेत एक-दोन पावसाळ्यांत गंजतात आणि मुलांच्या तळपायाला लागतात.

आता उन्हाबद्दल. इथं मला आग्रहानं बोलावंसं वाटतं, कारण विकणारे याबद्दल फार कमी बोलतात. जिवंत गवत पानांतून बाष्प सोडतं आणि स्वतःला गार ठेवतं. प्लास्टिकला ती सोय नाही. अमेरिकेतल्या युटा राज्यात ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २००२ मध्ये आपल्या कृत्रिम मैदानाचं तापमान मोजलं होतं. सर्वाधिक नोंद होती २०० अंश फॅरनहाइट, म्हणजे ९३ अंश सेल्सिअस. डांबरी रस्त्यापेक्षाही ते मैदान जास्त तापलेलं होतं. पाणी मारल्यावर ते झटकन गार झालं, पण पाचच मिनिटांत पुन्हा ४९ अंशांवर पोचलं. ती जागा कोरड्या, उंच प्रदेशातली आहे आणि मैदानांच्या पात्यांत भरतात तसा रबराचा भुगा आपल्या घरगुती गवतात नसतो, म्हणून हेच आकडे इथं लागू होतील असं नाही. पण मे महिन्यात दुपारी एक वाजता उघड्यावरच्या या गवतावर अनवाणी उभं राहता येत नाही, एवढं मी रोज पायानं अनुभवते. किनाऱ्यावर मार्चमध्येही, समुद्रावरचा वारा उशिरा सुटतो त्या दिवशी, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यातही हीच गत.

म्हणून दुपारी सावली येते अशीच जागा निवडते मी. घराच्या पूर्वेचा भाग उत्तम, कारण दुपारनंतर घराचीच सावली पडते. पश्चिमेला करायचंच असेल तर वर मांडव हवा. आमच्याकडे उन्हाळ्यात अंगणात झावळ्यांचा मांडव घालण्याची जुनी रीत आहेच. मुलं खेळायला जाण्याआधी हाताची मागची बाजू गवतावर टेकवून बघा. पाच आकडे मोजेपर्यंत टेकवत नसेल तर मुलांना आत ठेवा. आणि टायरच्या काळ्या रबराचा भुगा घरच्या गवतात घालू देऊ नका. युरोपीय संघानं २०२३ मध्ये सूक्ष्मप्लास्टिकवर निर्बंध आणले, त्यात मैदानांतल्या या भुग्याची विक्री आठ वर्षांत बंद करायचं ठरलं आहे. पाती उभी ठेवायला धुतलेली सिलिका वाळू पुरते.

मुंबई-ठाण्याच्या फ्लॅटमधल्या गॅलऱ्यांची गोष्ट वेगळी आणि थोडक्यात सांगण्यासारखी आहे. तिथं गवत कधीही चिकटवू नये. जागेच्या मापानं कापून नुसतं अंथरावं, खाली ड्रेन सेलचे काळे जाळीदार चौकोन ठेवावेत, आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला उचलून खालची फरशी आणि पाणी जायची जाळी साफ करावी. गच्चीवर तर आधी गळती तपासायची. विटांच्या कोब्यावर चायना मोझॅक केलेल्या जुन्या गच्चीला बारीक तडे असतात. उन्हात ते रोज सुकत होते, गवताखाली सुकणार नाहीत, आणि ओल खालच्या घराच्या छतावर उमटेल. वाऱ्याचाही विचार हवा. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं, तेव्हा घरांवरचे पत्रे उडाले होते. गच्चीवरच्या सैल गवताच्या कडांवर जड कुंड्या हव्यात, आणि वादळाचा इशारा आला की गुंडाळून आत घ्यावं.

आगोटीच्या कामांत, पन्हळी साफ करताना आणि लाकडं भरताना, या गवताचीही एक पाळी लावावी. पाती झुकली असतील त्याच्या उलट दिशेनं खराटा मारायचा. नारळाच्या हिरांचा खराटा चालतो, तारेचा ब्रश नाही. पावसात गोगलगाई आणि वाणी कडेनं खाली शिरतात, त्यांना त्रास न देता बाजूला करावं. टाकळा आणि हराळी जोडांतून डोकं काढतात, ती लहान असतानाच मुळासकट उपटावीत. शेवाळाला साबणाचं पाणी आणि ब्रश पुरतो. पाऊस उघडला की लगेच दिवाळी येते, आणि तेव्हा फार सांभाळावं लागतं: फुलबाजीची एक ठिणगी पडली तरी पातं वितळून भोक पडतं, ते बुजत नाही. तुळशीवृंदावनाभोवती म्हणूनच मी तीन फूट जागा उघडी सोडते. तिथं माती राहते, दिवा लागतो, आणि भाद्रपदात गणपतीला लागणाऱ्या दूर्वाही तिथंच मिळतात.

सबंध अंगण झाकायचं काम मात्र मी घेत नाही. गुहागरजवळ एका आजोबांनी पाखाडीपासून मागल्या परसापर्यंत सगळं हिरवं करून मागितलं होतं. नातवंडांसाठी करत होते बिचारे. मी त्यांना विहीर दाखवली. "आजोबा, अंगणात मुरतं तेच पाणी एप्रिलमध्ये तुमच्या विहिरीत येतं. झाडांच्या मुळांनाही तेच." त्यांनी दोन दिवस विचार केला आणि पूर्वेच्या पडवीसमोरचा तेवढा तुकडा करायला सांगितला. झाडाच्या बुंध्याशी, सुरंगी-बकुळीखाली, कोंबड्या फिरतात तिथं आणि उतारावर हे गवत नकोच. कुत्रा पाळलेला असेल आणि जागेवर छप्पर असेल तरीही नको. पावसानं धुतलं न जाणाऱ्या जागी मुताचा वास साठतो.

आणखी एक गोष्ट काम सुरू होण्याआधीच ठरवून घ्यावी: हे जुनं झाल्यावर त्याचं काय करायचं. पाती एका प्लास्टिकची, कापड दुसऱ्या, मागचा थर तिसऱ्याच पदार्थाचा, त्यात वाळू मिसळलेली, त्यामुळं भंगारवाला ते घेत नाही. गावात असा कचरा परसात जाळण्याची सवय आहे. हे गवत जाळू नका, पाण्याच्या बंबातही घालू नका. धूर घातक असतो. बरे राहिलेले तुकडे विहिरीच्या कठड्याजवळ, पंपाच्या खोलीत, गाडी धुण्याच्या जागी वापरता येतात. उरलेलं जुनं गवत परत घेऊन जाण्याची जबाबदारी मी माझ्या अंदाजपत्रकातच लिहिते. तुमच्या कंत्राटदाराकडूनही ती लिहून घ्या, पैसे देण्याच्या आधी.